येताना पिशवी आणावी

केटल रिजच्या प्राथमिक शाळेतून डिसेंबरातल्या तिसऱ्या सोमवारी प्रत्येक पोराच्या दप्तरातून एक पिवळा कागद घरी जातो. वर मोठ्या अक्षरात 'आठवण' आणि खाली बारा-पंधरा ओळी. बर्फातले बूट आणि जाड विजारी शुक्रवारी घरी न्याव्यात. ग्रंथालयाची पुस्तकं परत करावीत, जॅमचे डाग पुसून. हरवलं-सापडलंच्या टेबलावर एकोणीस टोप्या, सात डाव्या हाताचे मोजे आणि एक दातांची तार आहे. ज्याची असेल त्याने लाज न बाळगता न्यावी. दुसरीच्या वर्गातला हॅमस्टर सुट्टीत कुणाच्या घरी राहणार ते बुधवारपर्यंत कळवावं. शाळा पाच जानेवारीला उघडेल. आणि सगळ्यात शेवटी, वर्षानुवर्षं एका शब्दाचाही फरक न पडता, ही ओळ: 'सुट्टीत स्वयंपाकघराची थंड खोली बंद करावी लागते. आतलं अन्न वाया जाऊ नये म्हणून गुरुवारी, गाण्यांचा कार्यक्रम संपल्यावर, ती रिकामी करायला कृपया मदत करा. येताना पिशवी आणावी.'

ही शेवटची ओळ अर्लिस कोस्केलाची. अर्लिस म्हणजे शाळेची स्वयंपाकीण. वय त्रेसष्ट, उंची बेताची, केसांवर जाळी, दंड मात्र खाणीतल्या माणसाचे. तीनशे पोरांचं बटाटे-खिम्याचं भांडं भट्टीतून एकटी उचलते आणि वर कुणी हात लावायला आलं तर खेकसते.

गावात तिची ख्याती दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे तिचे पाव. दुसरं म्हणजे तिला खोटं बोलता येत नाही. येत नाही म्हणजे अंगातच नाही. चर्चच्या स्पर्धेत परीक्षकांनी तिच्या अ‍ॅपल पायला पहिलं बक्षीस दिलं, तर ही उभी राहून म्हणाली, "खालून कच्चा राहिलाय, नीट बघा." शाळेच्या कार्यालयातली बेव्ह मारोल्ट, तिची तीस वर्षांपासूनची मैत्रीण, एकदा केस नव्या तऱ्हेने कापून आली आणि कसे दिसतात म्हणून विचारून बसली. अर्लिसने बराच वेळ निरखून सांगितलं, "फेब्रुवारीपर्यंत वाढतील."

अशा बाईच्या नावावर जन्मात एकच खोटं जमा होतं, ते या पिवळ्या कागदावरचं. थंड खोली, म्हणजे ती पोलादी दाराची, माणूस आत उभा राहील एवढी फ्रिजची खोली, सुट्टीत कधीच बंद होत नसे. बसवली त्या दिवसापासून ती अखंड घरघरतेय.

पण नोव्हेंबर लागला की ती गरजेपेक्षा जास्त भरू लागायची. किराणावाला 'चुकून' सहा हॅम जास्त पाठवायचा. दूधवाल्याची गाडी 'चुकून' दोन खोकी जास्त उतरवायची. अंडी, चीज, गाजरं, सफरचंदं. एकट्या केटल रिजमध्ये डिसेंबरात जेवढ्या चुका होतात तेवढ्या बाकीच्या मिनेसोटात वर्षभर होत नसतील. आणि गुरुवारी गाणी संपली की अख्खं गाव पिशव्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात रांगेला. त्यात सगळ्यात पुढे दाताचे डॉक्टर सँडबर्ग. ते दर वर्षी दुधाचे दोन मोठे कॅन उचलत आणि सगळ्या वऱ्हांड्यातून ते झुलवत नेत. त्यांच्या घरी दूध कुणालाच पचत नाही हे गावाला ठाऊक होतं. ते दूध ते कुत्र्याला पाजत की बर्फात ओतत, देव जाणे. पण दाताचा डॉक्टर नेतो म्हटल्यावर कुणीही न्यावं, हे त्यातलं मर्म. डॉक्टर, बँकेतली बाई, पाद्री, आणि त्यांच्यामध्येच मिसळून ते, ज्यांच्या घरी खरंच चूल थंड पडायची वेळ आलेली असे.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. आमच्याकडे भांडं लपवायला जागा करून देणं हाच शेजारधर्म.

ही युक्ती अर्लिसची नव्हे, तिच्या आधीच्या फ्रान्सिसबाईंची. अर्लिसला ती कळली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. तेहतीस वर्षांपूर्वी गावातली खाण बंद पडली होती. अर्लिसचा नवरा व्हर्न सात महिने घरी, दोन मुली पदरात, आणि घरात बटाटे सोडून काही नाही. त्या डिसेंबरात पिवळा कागद घरी आला. वाचून अर्लिसला फ्रान्सिसबाईंची दया आली. एवढं अन्न एकट्या बाईने निस्तरायचं कसं! ती दोन पिशव्या घेऊन गेली, एक अख्खं हॅम आणि डझनभर अंडी घेऊन आली आणि व्हर्नला म्हणाली, "बिचाऱ्यांचं सगळं वाया गेलं असतं रे." पुढे नऊ वर्षांनी ती स्वतः स्वयंपाकघरात कामाला लागली. पहिल्या डिसेंबरात तिने फ्रान्सिसबाईंना विचारलं, "खोली बंद करायचं बटण कुठलं?" फ्रान्सिसबाई आधी हसल्या, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "तुला आजपर्यंत खरंच वाटत होतं?" अर्लिस तशीच उठून सामानाच्या खोलीत गेली आणि पिठाच्या पोत्यावर बसून रडली. बाहेर आली ती तोंड धुऊन. दोन वर्षांनी फ्रान्सिसबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी तिला दोनच गोष्टी दिल्या, पावाची कृती आणि ती ओळ.

त्यानंतर बावीस डिसेंबर बिनबोभाट गेले. तेविसाव्याला नवे मुख्याध्यापक आले.

नोलन व्हिटेकर, वय चौतीस, थेट मिनिअ‍ॅपोलिसचे. माणूस वाईट नव्हे, उलट फार चांगला, आणि घोळ झाला तो त्यामुळेच. हाडं गोठवणाऱ्या थंडीतही रोज सकाळी शाळेच्या दारात उभे राहून प्रत्येक पोराशी हात मिळवणारा, बर्फाच्या बाहुल्यांचा टाय लावणारा माणूस. ऑगस्टमध्ये खाण पुन्हा बंद पडली, दोनशे माणसं घरी बसली, हे त्यांनी मनाला लावून घेतलं. अकरा ठिकाणी फोन करून त्यांनी चाळीस खोकी मिळवली. प्रत्येकात एक हॅम, ओट्स, शेंगदाण्याचं लोणी, डबाबंद फळं. एवढ्यावर थांबले असते तर गावाने त्यांना डोक्यावर घेतलं असतं. पण पिवळा कागद छापायच्या आधी त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि शाळेची देखभाल करणाऱ्या रुडी पेर्कोला विचारलं, "रुडी, आपण सुट्टीत थंड खोली बंद करतो का?"

रुडी तेव्हा शिडीवर होता, तोंडात दोन खिळे. त्याने खिळे न काढता सांगितलं, "छे, कधीच नाही." विचारल्याचं उत्तर दिलं, बिचाऱ्याचा काय दोष. पण कागद बदलला.

बेव्ह तो हातात घेऊनच स्वयंपाकघरात आली.

"खाली बस."

"माझे पाव भट्टीत आहेत. काय ते बोल."

"बस म्हणते ना. आणि शेवटची ओळ वाच."

अर्लिसने चष्मा लावला. 'ज्या कुटुंबांना सुट्टीत अन्नाच्या मदतीची गरज आहे, त्यांनी गुरुवारी तीन वाजता स्वयंपाकघराच्या दाराशी यावं. एक छोटा अर्ज भरावा लागेल. सर्वांचं स्वागत आहे.'

"अर्ज?" अर्लिस म्हणाली.

"छोटा," बेव्ह म्हणाली. "नाव, पत्ता, घरात माणसं किती, मिळकत किती. तीनशे कागद छापून दप्तरात गेलेसुद्धा. मला कळलं तेव्हा बसेस सुटत होत्या."

अर्लिस हात पुसून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. त्यांनी उठून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"मिस्टर व्हिटेकर, माझी ओळ कुठे गेली?"

"अर्लिस, तुमचा हेतू मला कळला, खरंच कळला," ते मनापासून म्हणाले. "पण ते खरं नव्हतं ना? पालकांना शाळेने खोटं कसं सांगायचं? आणि मदत घेण्यात लाजण्यासारखं काय आहे? लपवतो म्हणूनच लाज वाढते. उघड बोललं की ती जाते. माझा विश्वास आहे त्यावर."

खोटं वाईट हे अर्लिसलाही मान्य. लाजण्यासारखं काही नाही, तेही मान्य. माणूस प्रत्येक शब्द खरा बोलत होता आणि तरी सगळं चुकत होतं. नेमकं कुठे, ते तिला दाखवता येईना. वादात ती पहिल्यापासून कच्ची. शिवाय ती ओळ कशासाठी होती हे तोंडाने सांगायचं म्हणजे कोण कोण पिशव्या घेऊन यायचं हेही सांगायचं. तिने ते तेवीस वर्षांत व्हर्नलाही सांगितलं नव्हतं.

"पाव जळतील," एवढंच बोलून ती परत आली. खालच्या दोन ताटल्या जळल्याच होत्या.

तिच्या जिवाला खरी टोचणी होती ती ब्रिन नीमीची. ब्रिन तिसरीत. दात पडलेले, डोळे मोठे, बोलणं अखंड. नोव्हेंबरपासून ती जेवताना दुसरा पाव मागून घ्यायची आणि कागदी रुमालात गुंडाळून हातमोज्यात सरकवायची. अर्लिसने पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला न मागता तीन पाव वाढायला लागली. एकदा ब्रिनने आपणहून खुलासा केला, "माझ्या धाकट्या बहिणीला तुमचे पाव आवडतात. ती अजून शाळेत येत नाही, म्हणून." शाळा चालू असेपर्यंत निदान एक वेळचं जेवण आणि हातमोज्यातला पाव होता. आता सोळा दिवस तोही नाही. ब्रिनचा बाप डेल खाणीवरून घरी बसलेला. आई करिन, तिच्या ताठ्याबद्दल तर बोलायलाच नको. दर डिसेंबरात सगळ्या शिक्षकांसाठी पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, भाजून आणणारी बाई. यंदाही घेऊन आली. अक्रोड पातळ पसरले होते, एवढंच. पण आली. तिच्या घरी मदतीचं खोकं घेऊन कुणी गेलं असतं तर ते पायरीवरून खाली आलं असतं, आणि मागोमाग आणणाराही.

मंगळवारी अर्लिसने तोही विचार करून पाहिला. रुडीला म्हणाली, "अंधार पडल्यावर दारात खोकं ठेवून आलं तर?"

"करिनच्या दारात?" रुडीने डोकं खाजवलं. "बर्फात पावलं उमटतात गं. सकाळी ती पावलांचा माग काढत तुझ्या दारात येईल आणि खोकं तुझ्या डोक्यात घालेल. मग तुझी शाळेतली जागा रिकामी. मला तुझ्या हातचं खायची सवय झालीय."

"तू खिळे थुंकून बोलला असतास तर ही वेळ आली नसती."

"हे तू आता वसंतापर्यंत ऐकवणार."

"वसंतात थांबेन असं कोण म्हणालं?"

गुरुवार आला. गाणी झाली. पहिलीतला एक देवदूत मध्येच झोपला, तिसरीच्या मुलांनी घंटा दोन ठोके उशिरा वाजवल्या, आयांनी डोळे पुसले. सगळं दर वर्षीसारखं. मग तीन वाजले.

स्वयंपाकघराच्या दाराबाहेर व्हिटेकरांनी टेबल मांडलं होतं. वर लाल कापड, अर्जांचा गठ्ठा, दोरीला बांधलेलं पेन आणि बिस्किटांची ताटली. मागे चाळीस खोकी. ते स्वतः हसतमुखाने उभे. आणि आमचं गाव त्या वऱ्हांड्यातून असं गेलं, की तिथे दार नाहीच, भिंत आहे. एरवी एकमेकांना ढकलून पिशव्या पुढे करणारी माणसं टोप्या कानावर ओढून समोर बघत चालली होती. कुणी बिस्किटालासुद्धा हात लावला नाही. डॉ. सँडबर्ग आले, टेबलापाशी थबकले, पिशवीची घडी खिशात घातली आणि पुढे गेले. त्यांना तरी काय करता येणार होतं? गरज आहे असं लिहून दिलं असतं तर ते खोटं, आणि त्यांची मिळकत त्या रकान्यात मावलीही नसती.

करिन नीमी ब्रिनचा हात धरून आली. ब्रिन टेबलापाशी थांबली.

"आई, आपण यंदा मदत नाही करायची? गेल्या वर्षी आपण गाजरं नेली होती. आणि चीज!"

"यंदा ते ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी आहे," करिन म्हणाली. आवाज मोठा, मान ताठ. "चल."

"पण आई..."

"ब्रिन."

दोघी गेल्या. अर्लिस आतून, भांडी द्यायच्या खिडकीतून बघत होती. करिनची पाठ तिला ओळखीची वाटली. तशी पाठ एके काळी तिची स्वतःची होती.

चार वाजता व्हिटेकर स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले. टाय सैल झाला होता. अर्जांचा गठ्ठा कोरा.

"म्हणजे कुणाला गरजच नाही," ते म्हणाले. त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता.

"गरज आहे," अर्लिस भांडं घासत म्हणाली.

"मग आले का नाहीत?"

उत्तर बेव्हने दिलं. ती दारात कोट चढवत उभी होती. "कारण तुम्ही घ्यायला बोलावलंत. नोलन, तुमची गाडी ऑक्टोबरात खड्ड्यात गेली तेव्हा किती माणसं धावली?"

"नऊ."

"त्यातल्या सहा जणांच्या हातात सध्या काम नाही. त्यांना मदत करायला बोलावलंत तर मध्यरात्री येतील. मदत घ्यायला बोलावलंत तर घरात असून दार उघडणार नाहीत. याला शहाणपण म्हणा, मूर्खपणा म्हणा. आम्ही असेच आहोत."

"हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?"

"सांगितलं की मोडतं," अर्लिस म्हणाली. "झाकली मूठ आहे हो ती. तुम्ही उघडायला लावलीत." आणि तिला रडूच फुटलं. चोवीस वर्षांत तिला शाळेत कुणी असं पाहिलं नव्हतं. व्हिटेकर उठून उभे राहिले, काय करावं ते न कळून त्यांनी फडकं घेतलं आणि घासलेली भांडी पुसायला लागले. तिने खेकसायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुसू दिली.

घरी जाताना गाडीत तिने एकच गोष्ट घोळवली. ओळ खोटी होती, म्हणून गेली. ती खरी असती तर?

शुक्रवारी अर्धा दिवस शाळा. न्याहारीची ताटं धुऊन झाली तेव्हा आठ वाजले होते. अर्लिसने रुडीला हाक मारली.

"बटण कुठलं रे?"

"कसलं?"

"थंड खोलीचं."

रुडीने तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरची पेटी उघडली आणि तळातल्या काळ्या खटक्यावरची धूळ फुंकली. "हिला बंद केलं तर परत चालू होईल याची हमी मी देत नाही. म्हातारी आहे."

"मी पण आहे," अर्लिस म्हणाली आणि खटका खाली ओढला.

घरघर थांबली. इतकी वर्षं तो आवाज कुणाला ऐकूच येत नव्हता. थांबल्यावर आला. स्वयंपाकघर एकदम मोठं वाटायला लागलं. मग दोघं कामाला लागली. चाळीस खोकी फोडली, हॅम एका फळीवर रचले, डबे दुसऱ्या, ओट्स तिसऱ्या. किराणावाल्याच्या चुका त्यातच मिसळून दिल्या. खोकी चपटी करून मागे टाकली. आता कुणासाठी काय वेगळं ठेवलंय ते देवालाही ओळखता आलं नसतं.

साडेआठला व्हिटेकर दारातल्या पोरांशी हात मिळवून, नाक लाल करून कॉफीसाठी आले. त्यांना आधी शांतता जाणवली, मग उघडं दार दिसलं.

"बिघडली?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. अर्लिसने प्रयत्नही केला, पण तिच्याच्याने होईना. "नाही. मी बंद केली. आठ वाजता. आतला माल चार तासांत हलवावा लागतो, भिंतीवर नियम लावलाय. तुमचीच सही आहे त्यावर."

व्हिटेकरांनी नियम वाचला. मग ते मागच्या दारापाशी गेले आणि काचेतून बाहेर बघत राहिले. बाहेर ओट्याइतका उंच बर्फ साचला होता.

"अर्लिस, बाहेर शून्याखाली अठरा आहे."

"आहे."

"हे सगळं मागच्या दारात ठेवलं तरी मार्चपर्यंत टिकेल."

"एप्रिलपर्यंत," रुडी म्हणाला.

"मग... थंड खोली बंद करायचीय म्हणून अन्न वाया जाईल, असं इतकी वर्षं कागदावर येतंय. या गावात. डिसेंबरात. आणि हे कुणीच कधी विचारलं नाही?"

"विचारणारे तुम्ही पहिलेच," अर्लिस म्हणाली.

व्हिटेकरांनी पुन्हा बाहेरच्या बर्फाकडे पाहिलं. हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. शिकलेला माणूस, उशिरा का होईना कळलं. कॉफी तशीच ठेवून ते कार्यालयात गेले आणि थोड्या वेळाने वर्गावर्गातल्या कर्ण्यांतून त्यांचा आवाज आला. "सर्वांना नमस्कार. एक आठवण. स्वयंपाकघराची थंड खोली बंद आहे. आतलं अन्न दुपारी बाराच्या आत हलवायचं आहे. अर्लिसना एकटीला ते जमणार नाही. बेव्ह आता घरोघरी फोन करत आहेत. मुलांना न्यायला येणाऱ्यांनी कृपया मदत करावी. येताना पिशवी आणावी." आणि क्षणभर थांबून, "ही सगळी माहिती खरी आहे."

"शेवटचं वाक्य कशाला घातलं?" रुडी पुटपुटला.

"असू दे," अर्लिस म्हणाली. "नवीन आहे."

अकरा वाजता पहिली गाडी आली ती दाताच्या डॉक्टरांची. दवाखान्यात एका रुग्णाचं तोंड उघडं टाकून आले होते म्हणे. दुधाचे दोन कॅन उचलून ते वऱ्हांड्यातून झुलवत निघाले आणि भेटेल त्याला सांगत सुटले, "पळा, पळा, बाईंची पार तारांबळ उडालीय!" मग जी गर्दी लोटली, ती बघायला फ्रान्सिसबाई हव्या होत्या. लोक येत होते, अर्लिसला धीर देत होते, तिच्यावर ओरडत होते, पिशव्या भरत होते. एकाने सांगितलं, मी आधीच म्हटलं होतं ही खोली जुनी झालीय. दुसऱ्याने खटक्याची पेटी तपासायची तयारी दाखवली. रुडी पेटीसमोर हाताची घडी घालून उभा राहिला.

बाराला वीस मिनिटं असताना करिन नीमी आली. कोटाची बटणं नीट न लावलेली, हातात दोन पिशव्या. मागे ब्रिन.

"हे काय गं अर्लिस?" ती दारातूनच सुरू झाली. "आज बंद पडायची होती का ही? ऐन सुट्टीच्या दिवशी?"

"बंद आहे खरी."

"आणि एवढं आत भरून ठेवलंय? बघून मागवता येत नाही का तुला? माझ्या घरात असं झालं असतं तर डेलने मला घराबाहेर काढलं असतं." ती आत शिरली. "दे ते हॅम. ते नको, ते छोटं कुणीही नेईल. मोठं दे. ते दुसरं पण दे, कोण नेणार आता? वेळ किती राहिलाय! ब्रिन, अंडी धर, आडवी करू नकोस. दूध आहे अजून? सँडबर्गने सगळं नेलं की काय, त्या माणसाला कळत कसं नाही?"

"आहे, मागे आहे," अर्लिस म्हणाली आणि तिला कॅन काढून दिला. चीजही न मागता पिशवीत सरकवलं. करिनने ते पाहिलं आणि जास्तच जोरात ओरडायला लागली, ओट्स असे ओलसर जागी कुणी ठेवतं का म्हणून.

ब्रिनने हातमोजे काढले. आतून रुमालात गुंडाळलेले दोन पाव बाहेर आले. "हे पण हलवायचेत का?" तिने हळूच विचारलं.

"ते तर सगळ्यात आधी," अर्लिस म्हणाली आणि उरलेल्या पावांची अख्खी पिशवी तिच्या गळ्यात अडकवली.

करिन निघाली. दोन्ही हात भरलेले. व्हिटेकरांनी तिच्यासाठी मागचं दार उघडून धरलं आणि थंडी आत घुसली, अशी की सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघाली. करिन उंबऱ्यावर थांबली. समोर बर्फाचा ढीग. तिने ढिगाकडे पाहिलं, हातातल्या हॅमकडे पाहिलं. मग मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत डोळे घालून, आवाज न चढवता म्हणाली, "पुढच्या वर्षी हे सोमवारच्या कागदात लिहा. आयत्या वेळी माणसाची धावपळ होते."

"लिहीन," व्हिटेकर म्हणाले.

"आधी लिहायचे तसंच लिहा."

ती गेली. साडेबाराला थंड खोलीत मोहरीची एक बाटली आणि रुडी एवढंच उरलं होतं. रुडीने खटका वर केला. म्हातारी खोकली, थरथरली, आणि घरघरायला लागली.

अर्लिस मात्र मागच्या दारापाशीच उभी होती. तेहतीस वर्षांपूर्वीची ती दुपार तिला आठवत होती, आणि या वेळी पूर्ण आठवत होती. याच दारातून ती बाहेर पडली होती, दोन पिशव्या घेऊन. आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं, हे ती आजवर शपथेवर सांगत आली होती. पण त्या दिवशी शून्याखाली तीस होतं. घरी पोचेपर्यंत अंडी गोठून तडकली होती. तिने ती मुलींसमोर हसत हसत उकळत्या पाण्यात सोडली होती. बाहेर एवढी थंडी असताना अन्न वाया कसं जाईल, हे तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

"अर्लिस," मागून व्हिटेकर म्हणाले, "दार लावू का? फार थंडी येतेय."

"लावा," ती म्हणाली, आणि पुढच्या वर्षाची ओळ त्यांना सांगायला लागली. त्यांनी खिशातून पेन काढून ती हातावर लिहून घेतली.